टर्मिनलवर एक्सएमएल: एक्सएमएललिंटने फाइल वाचणे, तपासणे आणि परत लिहिणे

जेसन या सुटसुटीत माहिती-स्वरूपाच्या जमान्यात, माहिती कोनी कंसांतल्या टॅगांत बांधणाऱ्या एक्सएमएलची आठवण कोणी आनंदाने काढत नाही. पण टाळून टाळणार किती? वर्डची डॉक्स फाइल ही आतल्या आत एक्सएमएल फाइलींची झिप असते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी झिपमधून एक्सएमएलच देते. पॉडकास्टचे फीड, नकाशांच्या केएमएल फाइली, एसव्हीजी चित्रे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणारी व्हाउचरे, सगळीकडे तेच कोनी कंस. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल १.० ची शिफारस फेब्रुवारी १९९८ मध्ये जाहीर केली आणि तेव्हापासून ते कुठल्या ना कुठल्या ऑफिसात चालूच आहे.

अशी फाइल हातात आली की बहुतेक जण ती नोटपॅडमध्ये उघडतात, एकाच ओळीत कोंबलेला मजकूर बघतात आणि पायथन स्क्रिप्ट लिहायला घेतात. दहातल्या आठ वेळा स्क्रिप्टची गरज नसते. एक्सएमएललिंट नावाची एक छोटी आज्ञा पुरते. डॅनियल वेयार्ड यांनी ग्नोम प्रकल्पासाठी लिहिलेल्या लिबएक्सएमएल२ या लायब्ररीबरोबर ती येते.

एक खुलासा आधीच. आज्ञा, पर्याय, फंक्शनांची नावे आणि फाइलीच्या पहिल्या ओळीतली जाहिरात (म्हणजे डिक्लरेशन: आवृत्ती आणि अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत, अर्थात इन्कोडिंग, सांगणारी ओळ) मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहे. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. अपवाद यूटीएफ या युनिकोडच्या इन्कोडिंगचा, तो मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. उदाहरणातल्या फाइलीचे टॅग मात्र खरोखरच देवनागरीत आहेत. एक्सएमएलला ते चालतात, आणि मराठी मजकुरात जिथे ठेच लागते ती ठिकाणेही त्यामुळे नीट दिसतात.

बसवणे

मॅकवर ही आज्ञा आधीपासूनच असते. डेबियन आणि उबुंटूवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबएक्सएमएल2-युटिल्स

फेडोरावर ती लिबएक्सएमएल2 याच पॅकेजमध्ये मिळते. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतले लिनक्स) उघडावे, बाकी खटपटीत पडू नये. बसली का, हे एक्सएमएललिंट --व्हर्जन विचारून कळते.

उदाहरणाची फाइल

तांदळाच्या व्यापाऱ्याचे एक छोटे भावपत्रक घेऊ. आकडे काल्पनिक आहेत. फाइलीचे नाव भाव.एक्सएमएल.

<?एक्सएमएल व्हर्जन="1.0" इन्कोडिंग="यूटीएफ-8"?>
<भावपत्रक>
<तांदूळ क्रमांक="1"><वाण>इंद्रायणी</वाण><भाव>६५</भाव><पोती>40</पोती></तांदूळ>
<तांदूळ क्रमांक="2"><वाण>आजऱ्याचा घनसाळ</वाण><भाव>१२०</भाव><पोती>12</पोती></तांदूळ>
<तांदूळ क्रमांक="3"><वाण>आंबेमोहोर</वाण><भाव>११०</भाव><पोती>18</पोती></तांदूळ>
</भावपत्रक>

भाव देवनागरी अंकांत आणि पोती इंग्रजी अंकांत, हे मुद्दाम केले आहे. पुढे त्याचा उपयोग होईल.

पहिली पायरी: फाइल धड आहे का?

एक्सएमएललिंट --नोआउट भाव.एक्सएमएल

काहीच छापले गेले नाही तर फाइल सुघटित आहे: उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला आहे, एकमेकांत अडकलेला नाही आणि सगळ्याला एकच मूळ टॅग आहे. --नोआउट दिले नाही तर अख्खी फाइल पडद्यावर ओतली जाते, म्हणून तपासणीपुरते ते द्यायचेच. एका दमात अनेक फाइलीही देता येतात, *.एक्सएमएल लिहिले की झाले. फक्त बिघडलेल्या फाइली बोलतात.

चूक असेल तर ओळ क्रमांकासह तक्रार येते. पहिली तक्रारच वाचा. खालच्या दहा-पंधरा बहुधा पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात. नेहमी भेटणाऱ्या तक्रारी थोड्याच आहेत.

'ओपनिंग अँड एंडिंग टॅग मिसमॅच' म्हणजे उघडला एक टॅग, बंद केला दुसरा. यात उघडलेल्या टॅगचीही ओळ सांगितलेली असते; दोष बहुतेकदा त्या ओळीच्या आसपास सापडतो, जिथे गाडी अडली तिथे नाही.

'एक्सएमएल-पार्स-एंटिटी-रेफ: नो नेम' म्हणजे मजकुरात मोकळा & पडला आहे. दुकानांच्या नावांतला 'अँड कंपनी' हा याचा पिढीजात गुन्हेगार. त्याजागी &एएमपी; हवे.

फाइलीच्या सुरुवातीला एखादी रिकामी ओळ किंवा स्पेस राहिली तर जाहिरात फक्त अगदी आरंभीच चालते अशी तक्रार येते. कॉपी-पेस्ट करून बनवलेल्या फाइलींत हे हमखास होते.

'इनपुट इज नॉट प्रॉपर यूटीएफ-8' म्हणजे जाहिरात एक सांगते आणि बाइट दुसरेच आहेत. आधी फाइल या नावाच्याच आज्ञेने खरे इन्कोडिंग काय ते बघा, मग आयकॉन्व्ह या इन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेने बदलून घ्या. जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेला मजकूर ही मात्र निराळी व्याधी आहे. तो सुघटित ठरू शकतो, कारण यंत्राच्या लेखी ती निव्वळ रोमन अक्षरे असतात. त्याचे लिप्यंतर आधी, एक्सएमएल नंतर.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइलीत &#4; अशी चिन्हेही सापडतात. एक्सएमएल १.० मध्ये चौथ्या क्रमांकाचे हे नियंत्रण-अक्षर कुठल्याच रूपात चालत नाही, त्यामुळे पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा भाग, तिथेच थांबतो. --रिकव्हर पर्याय दिला तर तो जमेल तेवढे वाचून पुढे जातो, पण काय गाळले याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. पैशाच्या फाइलीवर मी --रिकव्हर वापरत नाही. नेमके तेवढेच चिन्ह सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने आधी काढून टाकणे बरे:

सेड 'एस/&#4;//जी' आलेली.एक्सएमएल > स्वच्छ.एक्सएमएल

स्क्रिप्टमध्ये ही तपासणी घालायची असेल तर छापील संदेश वाचत बसू नका, बाहेर पडतानाचा संकेतांक बघा. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे पार्सिंगचा घोळ, तीन किंवा चार म्हणजे नियमपत्राशी (फाइलीत काय असावे ते ठरवणाऱ्या स्कीमाशी) न जुळणे, दहा म्हणजे एक्सपाथ (फाइलीतला पत्ता, तो पुढे येतो) चुकला आणि अकरा म्हणजे एक्सपाथ बरोबर, पण हाती काही लागले नाही.

वाचण्याजोगी मांडणी

एक्सएमएललिंट --फॉरमॅट भाव.एक्सएमएल

प्रत्येक टॅग आपापल्या ओळीवर, दोन स्पेस आत सरकून येतो. चार स्पेस किंवा टॅब हवा असेल तर एक्सएमएललिंट_इंडेंट हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा. हे नाव मात्र मोठ्या अक्षरांत. फाइलीच्या नावाजागी नुसती आडवी रेघ दिली तर पाइपमधून आलेला मजकूर घेतला जातो, म्हणून वर्डच्या फाइलीचे पोट असे बघता येते:

अनझिप -पी पत्र.डॉक्स वर्ड/डॉक्युमेंट.एक्सएमएल | एक्सएमएललिंट --फॉरमॅट -

आणि हे कधीही करू नका:

एक्सएमएललिंट --फॉरमॅट भाव.एक्सएमएल > भाव.एक्सएमएल

शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा चालवणारा कार्यक्रम, आधी भाव.एक्सएमएल रिकामी करते आणि मग आज्ञा चालवते. आज्ञेला वाचायला शून्य बाइट उरतात. वेगळ्या नावाने लिहा, डोळ्यांखालून घाला, मग नाव बदला. --आउटपुट पर्यायाला नवे नाव दिले तरी चालते.

वाचलेले परत लिहिले की काय बदलते

एक्सएमएललिंट फाइल 'सुंदर' करते असे आपण म्हणतो, पण ती मूळ मजकुराला हात लावतच नाही. ती फाइल वाचून स्मृतीत एक झाड उभे करते आणि मग त्या झाडावरून नवी फाइल लिहिते. पहिले काम पार्सिंग, दुसरे सिरियलायझेशन. झाडात जे साठवले गेले नाही, ते नव्या फाइलीत येणार कुठून?

ॲट्रिब्यूटच्या (टॅगमधल्या क्रमांक="1" सारख्या जोडीच्या) किमतीभोवती एकेरी अवतरण होते की दुहेरी, हे झाडाला ठाऊक नसते. परत लिहिताना साधारणपणे दुहेरी येते. दोन ॲट्रिब्यूटमधल्या जादा जागा जातात. <टीप></टीप> चे <टीप/> होते. विंडोजच्या ओळ-शेवटांचे साधे ओळ-शेवट होतात. क या अक्षराचा क्रमांक लिहिलेला असो की साक्षात क, झाडात दोन्ही सारखेच. ॲट्रिब्यूटचा क्रम मात्र टिकतो, टिप्पण्या टिकतात, आणि सीडेटा विभागही (ज्यांत चिन्हे जशीच्या तशी लिहिता येतात) --नोसीडेटा न दिल्यास टिकतात.

मराठीवाल्यांना बसणारा मोठा फटका इन्कोडिंगचा. फाइलीच्या पहिल्या ओळीत इन्कोडिंग जाहीर केलेले नसेल, तर वाचताना यूटीएफ-८ गृहीत धरले जाते आणि वाचन बिनबोभाट पार पडते. लिहिताना मात्र आजही अनेक यंत्रांवर बसलेल्या आवृत्त्या सावध पवित्रा घेतात आणि आस्कीबाहेरचे, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडचे, प्रत्येक अक्षर अंकी संदर्भात बदलून टाकतात. 'इंद्रायणी'च्या जागी अँपरसँड, हॅश आणि हेक्स आकड्यांची माळ दिसते. माहिती शाबूत असते, दुसरा कुठलाही पार्सर ती बरोबर वाचेल. पण माणसाला ती वाचता येत नाही, ग्रेप या शोध-आज्ञेला सापडत नाही, आणि फाइल फुगते ती वेगळीच. उपाय एका पर्यायाचा:

एक्सएमएललिंट --फॉरमॅट --इन्कोड यूटीएफ-8 भाव.एक्सएमएल --आउटपुट भाव-नवे.एक्सएमएल

नव्या फाइलीत जाहिरातही आपोआप लिहिली जाते. मराठी मजकूर असेल तर --इन्कोड यूटीएफ-8 डोळे झाकून द्यावे, गरज असो वा नसो.

दुसरा फटका रिकाम्या जागांचा. दोन टॅगमधली निव्वळ स्पेस ही शोभा आहे की मजकूर, हे पार्सरला अंदाजानेच ठरवावे लागते. भावपत्रकात ती शोभा आहे. पण हे बघा:

<ओळ><ठळक>आजऱ्याचा</ठळक> <तिरपे>घनसाळ</तिरपे></ओळ>

इथली स्पेस हा मजकूर आहे. --नोब्लँक्स दिले की ती जाते आणि छापताना 'आजऱ्याचाघनसाळ' होते. --फॉरमॅटही आतून याच अंदाजावर चालतो, फक्त स्पेसच्या जागी नवी ओळ आणि इंडेंट घालतो. म्हणून नियम असा: आकडेवारीच्या, रकान्यांच्या फाइलींना खुशाल --फॉरमॅट लावा; लेख, पुस्तके, वर्डचे कागद यांना फक्त बघण्यासाठी लावा, त्यातून निघालेली फाइल मूळ म्हणून जपू नका.

डिजिटल सही असलेल्या फाइलीला तर हातच लावू नका. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीतली एक्सएमएल सही केलेली असते. सही पडताळताना अवतरणचिन्हांसारखे किरकोळ फरक आधी पुसून काढले जातात खरे, पण टॅगांमधल्या रिकाम्या जागा मजकुरातच धरल्या जातात. एकदा --फॉरमॅट करून जतन केले की सही जुळत नाही आणि समोरचा ती फाइल नाकारतो.

हे किरकोळ फरक पुसण्याला कॅनॉनिकल रूप म्हणतात, आणि ते आपल्यालाही फुकट मिळते. एका फाइलीच्या दोन प्रती आहेत, त्यांत खरा बदल काय झाला ते बघायचे आहे, पण फाइलींची तुलना करणारा साधा डिफ अवतरणचिन्हांवरूनच आरडाओरडा करतो. अशा वेळी बॅशमध्ये:

डिफ <(एक्सएमएललिंट --नोब्लँक्स --सी14एन जुने.एक्सएमएल | एक्सएमएललिंट --फॉरमॅट --इन्कोड यूटीएफ-8 -) <(एक्सएमएललिंट --नोब्लँक्स --सी14एन नवे.एक्सएमएल | एक्सएमएललिंट --फॉरमॅट --इन्कोड यूटीएफ-8 -)

पहिली आज्ञा ॲट्रिब्यूट ठरावीक क्रमाने लावते आणि फरक पुसते, दुसरी ओळी पाडते, म्हणजे डिफला ओळीगणिक तुलना करता येते. ही लांबलचक ओळ शेलच्या फंक्शनमध्ये टाकून ठेवावी.

नेमके हवे तेवढेच काढणे

एक्सपाथ ही पत्ता सांगण्याची भाषा. आज्ञेत तो पत्ता एकेरी अवतरणात द्यायचा, नाहीतर कंस आणि डॉलर शेलच गिळून टाकते.

एक्सएमएललिंट --एक्सपाथ 'काउंट(//तांदूळ)' भाव.एक्सएमएल
एक्सएमएललिंट --एक्सपाथ 'सम(//पोती)' भाव.एक्सएमएल
एक्सएमएललिंट --एक्सपाथ 'स्ट्रिंग(//तांदूळ[@क्रमांक="2"]/वाण)' भाव.एक्सएमएल

उत्तरे अनुक्रमे 3, 70 आणि आजऱ्याचा घनसाळ. स्ट्रिंग() ची सवय लावून घ्या. त्याशिवाय टॅगसकट तुकडा मिळतो, आणि ॲट्रिब्यूट मागितले तर नाव, बरोबरचे चिन्ह, अवतरण असा सगळा लवाजमा येतो. मात्र स्ट्रिंग() फक्त पहिल्या जुळणीचा मजकूर देते. सगळे वाण हवे असतील तर '//वाण/टेक्स्ट()' मागा. जुन्या आवृत्त्या ते एकापुढे एक चिकटवून छापतात, नव्या प्रत्येकाला वेगळी ओळ देतात.

आता पोत्यांऐवजी भावांवर सम() लावून बघा. उत्तर येते 'एनएएन', म्हणजे हा आकडाच नव्हे. एक्सपाथ १.० ला शून्य ते नऊ हे इंग्रजी अंकच अंक वाटतात. १२० ही त्याच्या दृष्टीने तीन अक्षरे. शंभराच्या वरचे वाण शोधायचे तर अंक बदलून द्यावे लागतात:

एक्सएमएललिंट --एक्सपाथ '//तांदूळ[ट्रान्सलेट(भाव,"०१२३४५६७८९","0123456789") > 100]/वाण' भाव.एक्सएमएल

घनसाळ आणि आंबेमोहोर दोन्ही सापडतात. पण बेरजेला ही युक्ती चालत नाही, कारण सम() ला टॅगांचा संच लागतो, बदललेली अक्षरे नव्हे. माझे मत स्पष्ट आहे: साठवणुकीत अंक इंग्रजी ठेवा, देवनागरी अंक छपाईच्या वेळी घडवा. एक्सएसडी या नियमपत्राच्या भाषेतल्या पूर्णांक आणि दशांश प्रकारांनाही इंग्रजी अंकच लागतात. गंमत म्हणजे त्याच एक्सएसडीच्या पॅटर्नमध्ये उलट तिरपी रेघ आणि डी लिहिले तर ते युनिकोडमधला कुठलाही अंक स्वीकारते, देवनागरीसुद्धा. पिनकोडला सहा अंकांचा पॅटर्न लावून निर्धास्त बसलेल्यांच्या फाइलीत ४१६५०५ आणि 416505 सुखाने नांदतात.

याहून चिवट भानगड आहे ती 'आजऱ्याचा' या शब्दातच. हा अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा र तीन प्रकारे टाइप झालेला असतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि त्यामागे शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे. एक्सपाथ मात्र अक्षर-क्रमांक जुळवतो, रूप नाही. त्यामुळे [वाण="आजऱ्याचा घनसाळ"] विचारले आणि समोर वाण दिसत असूनही संकेतांक अकरा आला, तर कीबोर्डांचा संशय घ्या. 'कंटेन्स(वाण,"घनसाळ")' असे अर्धे विचारून नोंद गाठता येते, पण ते तात्पुरते. कायमचा उपाय म्हणजे फाइल आत घेतानाच सारखी करणे. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या साधनांतली यूकॉन्व्ह ही आज्ञा एनएफसी हे युनिकोडचे ठरावीक, एकसारखे रूप देते. त्याने नुक्त्याचा प्रकार ऱ मध्ये मिळतो. जोडकाचा प्रकार त्याला दाद देत नाही, तो सेडने वेगळा बदलावा लागतो.

हाच जोडक टॅगच्या नावात आला तर? २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून एक्सएमएल १.० मध्ये तो नावात चालतो, त्याआधी चालत नसे. लिबएक्सएमएल२ नवा नियम पाळते, समोरच्याचा जुना पार्सर पाळेलच असे नाही. टॅगांची नावे शक्यतो असल्या जोडाक्षरांविना ठेवावीत.

नेमस्पेस: 'दिसतंय पण सापडत नाही'

केएमएल, एसव्हीजी, वर्ड, सगळ्यांच्या मूळ टॅगवर एक्सएमएलएनएस लिहिलेले असते. तिथे '//प्लेसमार्क' विचारले की रिकामे हात. कारण त्या टॅगचे खरे नाव नेमस्पेससह (टॅग कोणत्या शब्दसंग्रहातला ते सांगणाऱ्या ओळखीसह) आहे, आणि --एक्सपाथ बरोबर नेमस्पेस नोंदवायची सोय नाही. चटकन काम उरकायचे तर:

एक्सएमएललिंट --एक्सपाथ 'काउंट(//*[लोकल-नेम()="प्लेसमार्क"])' गड.केएमएल

इथे प्लेसमार्कचा पी मोठा. एक्सएमएल लहान-मोठी अक्षरे वेगळी मानते. बराच शोध घ्यायचा असेल तर --शेल देऊन आत जा. तिथे सेटरूटएनएस म्हटले की मूळ टॅगवरचे सगळे नेमस्पेस नोंदले जातात, बिननावाच्याला डिफॉल्टएनएस हा उपसर्ग मिळतो. मग 'एक्सपाथ //डिफॉल्टएनएस:प्लेसमार्क' चालते. त्याच शेलमध्ये सीडी, एलएस, पीडब्ल्यूडी, कॅट या ओळखीच्या आज्ञांनी झाडात फिरता येते, आणि बाय म्हणून बाहेर पडता येते. अनोळखी फाइलीची रचना समजून घ्यायला याच्याइतके सोयीचे काही नाही.

नियमपत्राशी जुळवणे

सुघटित असणे म्हणजे बरोबर असणे नव्हे. <भाव>उधार</भाव> हेही सुघटित आहे. पलीकडच्याने एक्सएसडी दिली असेल तर:

एक्सएमएललिंट --नोआउट --स्कीमा भाव.एक्सएसडी भाव.एक्सएमएल

शेवटी 'व्हॅलिडेट्स' किंवा 'फेल्स टू व्हॅलिडेट' असा निकाल येतो. रिलॅक्स एनजी या दुसऱ्या नियमभाषेसाठी --रिलॅक्सएनजी, डीटीडी या जुन्या नियमभाषेतल्या बाहेरच्या फाइलीसाठी --डीटीडीव्हॅलिड. नियमपत्र स्वतः लिहायचे असेल तर मी रिलॅक्स एनजी निवडेन. ते वाचता येते.

परक्या आणि अवाढव्य फाइली

अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलीला --नोनेट द्या, म्हणजे ती वाचताना नेटवरून काही ओढून आणले जाणार नाही. एंटिटी म्हणजे एका नावामागे ठेवलेला मजकूर. --नोएंट हा पर्याय नावाने फसवतो. त्याचा अर्थ 'एंटिटी नकोत' असा नाही, तर 'एंटिटी शिल्लक ठेवू नका, त्यांच्या जागी मजकूर भरा' असा आहे. फाइलीत लिहिणाऱ्याने तुमच्या यंत्रावरच्या एखाद्या फाइलीचा पत्ता एंटिटी म्हणून दिला, तर तिचा मजकूर थेट तुमच्या आउटपुटमध्ये येऊ शकतो. परक्या फाइलीला --नोएंट लावू नका.

लिबएक्सएमएल२ स्वतःही काही मर्यादा पाळते: एकाच मजकुराची लांबी सुमारे एक कोटी बाइट आणि टॅगांची खोली २५६. बेस-६४ या अक्षररूपात कोंबलेले मोठे चित्र असले की पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि फाइल अडते. --ह्यूजने ती सैल होते, पण एकातून दहा, दहातून शंभर अशा फुगणाऱ्या एंटिटींविरुद्धचा बंदोबस्तही त्याच बरोबर ढिला पडतो. आपल्या माणसाच्या फाइलीलाच ते द्यावे.

झाड उभे करायला फाइलीच्या कित्येक पट स्मृती लागते. दोन-तीन जीबीची फाइल असेल तर --स्ट्रीम --नोआउट वापरा. त्यात फाइल तुकड्यातुकड्याने वाचून सोडून दिली जाते, अख्खे झाड कधीच उभे राहत नाही. तपासणीला ते पुरते. अशा फाइलीतून माहिती उपसायची असेल तर मात्र पायथनच्या इटरपार्सकडे वळा. आणि लहान फाइलींतच पण शेकडो ठिकाणी भाव बदलायचे असतील, तर एक्सएमएलस्टारलेट बसवा. तीही लिबएक्सएमएल२ वरच उभी आहे, त्यामुळे वरचे एक्सपाथ तिथे जसेच्या तसे चालतात:

एक्सएमएलस्टारलेट ईडी -यू '//तांदूळ[@क्रमांक="3"]/भाव' -व्ही '११५' भाव.एक्सएमएल > भाव-नवे.एक्सएमएल

नेमस्पेस नोंदवायला तिला -एन (इथे एन मोठा) हा पर्यायही आहे, तेव्हा केएमएलवाल्यांची लोकल-नेम() ची कसरत तिथे संपते.